मेजरसाहेबांच्या चोवीस फरश्या

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बारा ते चार या वेळात बाहेर पडणे म्हणजे भट्टीत पाऊल टाकणे. ज्याला घर आहे तो घरात असतो, आणि घरात शहाबादी फरशी असेल तर तिच्यावर पाणी शिंपडून आडवा होतो. आमच्या लहानपणी या चार तासांत सागरगोटे, काचापाणी, नवकंकरी, पत्ते असे सगळे खेळून होत असे. आता सुटीला आलेली नातवंडे पहिले दोन दिवस मोबाइलमध्ये डोके घालून बसतात. तिसऱ्या दिवशी मी कपाटातून एक कापडी पिशवी काढतो आणि काही न बोलता फरशीवर उपडी करतो. तिच्यातून पुठ्ठ्याचे चोवीस चौकोनी तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्यावर दोन तिरप्या रेघा मारून चार त्रिकोण केलेले आणि ते लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांत रंगवलेले. आमच्या घरात या तुकड्यांना फरश्या म्हणतात. पाच मिनिटांत एक डोके मोबाइलमधून वर येते, दहा मिनिटांत दुसरे. तीन वाजता चहा झाला तरी कोणी उठत नाही.

नियम एवढाच, की एका फरशीला दुसरी लावताना रंगाला तोच रंग भिडला पाहिजे. लालला लाल, हिरव्याला हिरवा. शाळेत न गेलेल्या पोरालाही हा नियम कळतो, आणि गणितात पदवी घेतलेल्या माझ्यासारख्याच्याही तो नाकी नऊ आणतो.

हा खेळ काढणारा माणूस खेळणी विकणारा नव्हता. तो इंग्रजांच्या तोफखान्यातला मेजर होता आणि आपल्या काळातल्या मोठ्या गणितज्ञांपैकी एक होता. पर्सी अलेक्झांडर मॅकमेहॉन हे त्यांचे नाव. नाव ऐकून पुष्कळांना मॅकमोहन रेषा आठवते. पण चीनच्या सरहद्दीवर रेघ ओढणारे हेन्री मॅकमोहन वेगळे, हे वेगळे. रामानुजन यांच्यावरचा २०१५ सालचा द मॅन हू न्यू इन्फिनिटी हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्यातला भारदस्त मेजर आठवत असेल. तेच हे.

मी या माणसाच्या नादाला का लागलो, हे आधी सांगितले पाहिजे, कारण त्यात माझी एक चूक आहे. मी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. १९८६च्या सुमाराची गोष्ट. आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा खाली मान घालून काहीतरी करत होता. वडील यंत्रमागावर कामाला. मागावर चादरीची नक्षी उठवण्यासाठी भोके पाडलेली जकार्डची कार्डे लागतात, हे सोलापूरकरांना सांगायला नको. त्यातली फाटकी, टाकून दिलेली कार्डे कापून त्याने चौकोन केले होते, त्यांच्या कडांना रंगीत खडूने पट्टे ओढले होते आणि एकाचा पट्टा दुसऱ्याला जुळेल असे ते बाकावर मांडत होता. मी ते सगळे गोळा करून केराच्या टोपलीत टाकले आणि परीक्षेवर एक व्याख्यान दिले. मुलगा काही बोलला नाही. पुढच्या वर्षी तो शाळेत आला नाही. मागावर लागला असे कळले. माझ्या व्याख्यानामुळे त्याने शाळा सोडली असे मी म्हणत नाही, घरची कारणे असणारच. पण काही वर्षांनी मार्टिन गार्डनर यांच्या गणिती मनोरंजनाच्या पुस्तकात मॅकमेहॉनच्या रंगीत चौकोनांचे चित्र पाहिले, तेव्हा केराच्या टोपलीत मी काय टाकले होते ते मला कळले. तेव्हापासून या मेजरसाहेबांचे चरित्र मी जमेल तिथून वाचत आलो आहे.

मॅकमेहॉन यांचा जन्म २६ सप्टेंबर १८५४ रोजी माल्टा बेटावर झाला. वडील लष्करात, पुढे ब्रिगेडियर जनरल झालेले. त्यामुळे पोराचे बालपण छावण्यांत गेले. त्या काळी तोफेचे गोळे छावणीत ढीग करून ठेवत, खाली चौकोनी किंवा त्रिकोणी थर आणि वर निमुळता होत गेलेला मनोरा. आपल्याकडे फळवाले संत्री रचतात तसे. अशा ढिगात एकूण गोळे किती, हे न मोजता सांगता येईल का, या प्रश्नाने पर्सीला लहानपणीच पछाडले असे सांगतात. पुढे आयुष्यभर त्यांनी जे केले ते याच प्रश्नाचे मोठे रूप होते. वस्तू किती प्रकारे मांडता येतात, आणि एकेक न मोजता ते कसे कळेल?

चेल्टनहॅमला शाळा झाली आणि १८७१मध्ये सतराव्या वर्षी पर्सी वुलिच येथील लष्करी अकादमीत दाखल झाला. जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर हे मोठे गणिती वर्षानुवर्षे तिथे शिकवत होते आणि १८७०मध्येच निवृत्त झाले होते. गुरू आणि शिष्य एका वर्षाने चुकले. १८७३मध्ये तरुण लेफ्टनंट मॅकमेहॉन हिंदुस्थानात आले. आधी मद्रास, मग लखनौ, आणि १८७७च्या फेब्रुवारीत वायव्य सरहद्दीवर कोहाटला, पहाडी तोफखान्यात. आज हे कोहाट पाकिस्तानात आहे. उघडे डोंगर, तोफा वाहणारी खेचरे आणि टोळ्यांशी सतत चकमकी असे ते ठाणे होते.

तिथे ते सहा महिनेही टिकले नाहीत. ऑगस्ट १८७७मध्ये त्यांना आजारपणाच्या रजेवर मरी या थंड हवेच्या ठिकाणी पाठवण्यात आले आणि वर्ष संपता संपता दीड वर्षाची वैद्यकीय रजा मिळाली. घरी परतणाऱ्या तेवीस वर्षांच्या अधिकाऱ्याला तेव्हा काय वाटले असेल? लष्करी घराण्यातला मुलगा, हाती पहिली खरी जबाबदारी आलेली आणि शरीराने दगा दिलेला. पुढच्याच वर्षी दुसरे अफगाण युद्ध पेटले आणि त्यांची तुकडी त्यात गेली. ते धडधाकट असते तर तेही गेले असते. मग त्यांना पदके मिळाली असती, किंवा अफगाणिस्तानातल्या एखाद्या खिंडीत त्यांचे नाव कोरलेला दगड उभा असता. गणिताला मात्र मॅकमेहॉन मिळाले नसते. योगायोग असा, की त्याच १८७७ साली आमच्या सोलापुरात पहिली कापड गिरणी, आजही जिला लोक जुनी गिरणी म्हणतात ती, निघाली. या माणसाच्या फरश्या आणि आमच्या गावची वीण यांचा संबंध पुढे येणार आहे, म्हणून ही सनावळी लक्षात ठेवावी.

इंग्लंडला परतल्यावर प्रकृती सुधारली, आणि १८८०मध्ये त्यांनी वुलिचला तोफखान्याच्या अधिकाऱ्यांसाठी असलेल्या वरच्या वर्गात नाव घातले. तिथे अल्फ्रेड ग्रीनहिल हे गणिताचे प्राध्यापक होते. विशी उलटून गेल्यावर, गणवेश अंगावर असताना, हा माणूस पुन्हा विद्यार्थी झाला. दोन वर्षांनी तो त्याच वुलिचच्या अकादमीत गणिताचा शिक्षक झाला. नोकरी सांभाळून त्याने असे काही निबंध लिहिले, की जे सिल्व्हेस्टर एका वर्षाने चुकले होते तेच आता त्याच्याकडे आदराने पाहू लागले. १८९०मध्ये रॉयल सोसायटीने मॅकमेहॉन यांना आपले सदस्य करून घेतले. पुढे ते लंडनच्या गणित मंडळाचे अध्यक्ष झाले.

एवढे असूनही एक गोष्ट त्यांना कधी मिळाली नाही, ती म्हणजे विद्यापीठातले प्राध्यापकपद. १८९७मध्ये सिल्व्हेस्टर वारले तेव्हा ते ऑक्सफर्डला भूमितीच्या मानाच्या अध्यासनावर होते. ती जागा मॅकमेहॉन यांना मिळावी असे त्यांच्या चाहत्यांना वाटत होते. ती विल्यम एसन यांना मिळाली. मॅकमेहॉन यांच्याकडे केंब्रिजची वा ऑक्सफर्डची पदवी नव्हती. ते छावणीतून आलेले होते. पुढच्या वर्षी ते लष्करातून निवृत्त झाले. काही वर्षांनी त्यांनी सरकारच्या व्यापार खात्यात वजनमापांच्या प्रमाणांवर देखरेख करणारे उपप्रमुख म्हणून काम धरले आणि १९२०पर्यंत केले. यार्ड किती लांब आणि पौंड किती जड याचे सरकारी नमुने सांभाळायचे. उरलेल्या वेळात त्यांनी १९१५ आणि १९१६मध्ये दोन खंडांचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला, ज्याचा मांडण्या मोजण्याच्या शास्त्रात आजही आधार घेतला जातो. लोक त्यांना प्रोफेसर म्हणत नसत. शेवटपर्यंत ते मेजरच राहिले.

आता फरश्यांकडे येतो. १८९२मध्ये, रॉयल सोसायटीत जाऊन दोन वर्षे झाली असताना, मॅकमेहॉन यांनी तोफखान्यातलेच अधिकारी जोसेलिन यांच्याबरोबर रंगीत तुकड्यांच्या एका नव्या खेळप्रकाराचे पेटंट घेतले. कल्पना साधी होती. आपल्या ओळखीच्या डॉमिनोत ठिपक्याला ठिपका जुळवतात, पण ती सोंगटी दोनच टोकांची असल्यामुळे खेळ गाडीच्या डब्यांसारखा एका रांगेत जातो. मॅकमेहॉन यांनी तुकड्याच्या प्रत्येक बाजूला रंग दिला. त्याबरोबर रांगेचे अंगण झाले. चार रंग घेऊन त्रिकोण केले तर वेगवेगळे तुकडे चोवीस होतात. तीन रंग घेऊन चौकोन केले तरी चोवीसच होतात. सहा रंग घेऊन ठोकळ्याच्या सहा बाजू रंगवल्या तर ठोकळे तीस होतात. या तीस ठोकळ्यांचाही त्यांनी एक सुरेख खेळ केला. कोणताही एक ठोकळा बाजूला काढायचा आणि उरलेल्यांतून आठ निवडून त्याचीच दुप्पट मोठी प्रतिकृती रचायची, तीही आतल्या बाजूंना रंगाला रंग जुळवून.

चोवीस हा आकडा आपल्या घराघरांत आहे. संध्या करणाऱ्याला केशव, नारायण, माधव अशी विष्णूची चोवीस नावे पाठ असतात. ही चोवीस कोठून आली? शंख, चक्र, गदा, पद्म या चार वस्तू चार हातांत चोवीस प्रकारे देता येतात, म्हणून. आपल्या भास्कराचार्यांनी लीलावतीत, म्हणजे ११५०मध्ये, हेच उदाहरण घातले आहे, आणि त्याच्या जोडीला दहा हातांच्या शंभूचेही. त्याच्या दहा आयुधांच्या मांडण्या ३६,२८,८०० होतात. मॅकमेहॉनच्या चोवीसचा हिशेब वेगळा आहे, पण प्रश्नाची जात तीच. किती प्रकारे?

ज्यांना या सुटीत फरश्या करायच्या आहेत त्यांनी जाड पुठ्ठा घ्यावा आणि दोन इंची चौकोन कापावेत. प्रत्येकावर दोन्ही कर्ण काढून चार त्रिकोण करावेत. मग असे रंगवावे. तीन फरश्या एकरंगी. दोन रंगांच्या बारा, कारण रंगांच्या जोड्या तीन आणि प्रत्येक जोडीच्या चार फरश्या: तीन त्रिकोण एका रंगाचे व एक दुसऱ्याचा, त्याच्या उलट, दोन-दोन शेजारी आणि दोन-दोन समोरासमोर. उरलेल्या नऊ फरश्यांवर तिन्ही रंग. त्यांत एक रंग दोनदा येतो. तो दोनदा येणारा रंग शेजारी ठेवला तर बाकीच्या दोन रंगांची अदलाबदल करून दोन फरश्या मिळतात, समोरासमोर ठेवला तर एक. असे प्रत्येक रंगाचे तीन. फरशी फिरवली तर तीच राहते, पण उलटी करायची नाही, मागची बाजू कोरीच ठेवायची. तीन, बारा आणि नऊ, झाल्या चोवीस. मुलांना आधी यादी न सांगता जेवढ्या वेगळ्या करता येतील तेवढ्या करा म्हणावे. बहुधा एकवीस-बावीसवर गाडी अडते आणि मग चुकलेली कोणती यावर जी चर्चा होते ती माझ्या एका तासाच्या शिकवण्यापेक्षा बरी असते.

एकट्याने खेळायचा डाव असा. चोवीस फरश्यांचा चार बाय सहाचा आयत करायचा, आत सगळीकडे रंगाला रंग जुळला पाहिजे, आणि बाहेरची संपूर्ण किनार एकाच रंगाची, समजा लाल, झाली पाहिजे. आंधळेपणाने बसलात तर चार दिवस जातील. जरा मोजून बसलात तर वाट दिसते. किनारीवर सोळा फरश्या येतात आणि आत आठ. ज्यांवर लाल रंग मुळीच नाही अशा फरश्या सहा आहेत. त्या किनारीवर चालणारच नाहीत, म्हणून त्या आत जाणार. आतल्या आठ जागांपैकी सहा अशा ठरून गेल्या. कोपऱ्यावर दोन लाल त्रिकोण शेजारी शेजारी हवेत, आणि अशा फरश्या सातच आहेत. त्यांतल्या चार कोपऱ्यांसाठी राखून ठेवाव्यात. शिवाय सगळ्या फरश्यांवर मिळून लाल त्रिकोण बत्तीस आहेत. किनारीला वीस लागतात. उरले बारा, म्हणजे आत लालला लाल भिडण्याचे प्रसंग फक्त सहा. लाल रंग आत उधळायचा नाही, हे एकदा कळले की हात आपोआप आवरता होतो. १९६४मध्ये संगणकावर मोजले गेले तेव्हा या एका डावाची उत्तरे १२,२६१ निघाली. उत्तरे एवढी असूनही पहिले सापडायला घाम फुटतो.

दोघांनी खेळायचे तर आमच्या घरचे नियम सांगतो. बारा-बारा फरश्या वाटून घ्याव्यात आणि उघड्या ठेवाव्यात. आळीपाळीने एकेक लावायची, चार बाय सहाच्या बाहेर जायचे नाही, जुळत नसेल तिथे लावायची नाही. ज्याला लावता येत नाही तो हरला. यात डावपेच आहेत. एकरंगी फरशी अडून बसते, म्हणून ती आधी घालवावी. तिन्ही रंगांची फरशी कुठेही खपते, म्हणून ती शेवटपर्यंत जपावी. आणि मोकळ्या जागेकडे नेहमी पाहावे. ज्या जागेला एकच शेजारी आहे तिथे चोवीसपैकी अठरा फरश्या चालू शकतात. दोन शेजाऱ्यांच्या कोपऱ्यात, रंग वेगळे असले तर नऊ आणि एकच असला तर सात. तीन शेजारी झाले की तीन. चारही बाजू भरल्या की एकच, आणि ती समोरच्याच्या हातात आहे का वापरून झाली आहे ते फरश्या उघड्या असल्यामुळे दिसतेच. माझी नऊ वर्षांची नात हे आकडे पाठ नसतानाही ओळखते. समोरच्याकडे नसलेल्या फरशीचे भोक ती बरोबर तयार करते आणि आजोबांना हरवते.

हे सगळे मोजणे करमणुकीपुरते वाटेल, पण मॅकमेहॉन यांच्या मोठ्या कामाची जात हीच होती, हे रामानुजन यांच्या प्रसंगात दिसते. १९१४मध्ये रामानुजन केंब्रिजला गेले. हार्डी आणि ते दोघे एका जुन्या प्रश्नाशी झुंजत होते. पाच पेढे ढिगांत वाटायचे तर किती प्रकारे? पाचाचा एक ढीग, चार आणि एक, तीन आणि दोन, तीन, एक, एक, दोन, दोन, एक, दोन आणि तीन सुटे, पाचही सुटे. झाले सात. दहा पेढ्यांचे प्रकार बेचाळीस होतात. शंभर पेढ्यांचे १९,०५,६९,२९२. हार्डी आणि रामानुजन यांनी यासाठी एक अद्भुत सूत्र काढले, पण ते बरोबर आहे हे कशावरून? कोणीतरी खरी संख्या काढून ठेवलेली हवी. ते काम मेजरसाहेबांनी केले होते. यंत्राशिवाय, कागद-पेन्सिलीने, एकापासून दोनशेपर्यंत प्रत्येक संख्येचे प्रकार त्यांनी काढले. दोनशेचे प्रकार ३९,७२,९९,९०,२९,३८८ भरले, म्हणजे सुमारे तीन लाख सत्त्याण्णव हजार कोटी. सूत्राने हीच संख्या दिली. १९१८मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा मेजरसाहेबांचा तक्ता त्याच्या शेवटी जोडलेला होता. त्याच वर्षी रामानुजन रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्यांच्या नावाची शिफारस करणाऱ्यांत मॅकमेहॉन यांची सही होती. दोघांची तोंडी हिशेबाची चढाओढ लागे आणि तीत बहुधा मेजर जिंकत, अशीही आठवण केंब्रिजमध्ये पुढे सांगितली जाई.

चित्रपटातला मेजर आधी रामानुजनवर अविश्वास दाखवतो. नाटकाला ते लागते. मला मात्र त्या तक्त्यापाशी बसलेला माणूस जास्त दिसतो. साठी ओलांडलेली, दिवसा वजनमापांचे काम आणि संध्याकाळी बेरजा. एक आकडा चुकला तर पुढचे सगळे चुकणार. सूत्राचे श्रेय दुसऱ्यांचे, याची टोचणी असती तर माणूस इतके नेटके काम करू शकला नसता.

१९२१मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी जे पुस्तक काढले ते गणिताच्या नव्या खेळांचे होते. इतके मोठे ग्रंथ लिहिलेल्या माणसाने म्हातारपणी रंगीत तुकड्यांवर पुस्तक लिहावे, हे काहींना पोरखेळ वाटले असेल. मलाही कदाचित तसेच वाटले असते. केराची टोपली माझ्या हाताशी होतीच. पण हे पुस्तक वाचताना दिसते की खेळ कुठे संपतो आणि अभ्यास कुठे सुरू होतो हे त्यांना वेगळे काढावेसे वाटत नव्हते. पुस्तकाच्या पहिल्या भागात रंग जुळवायचे खेळ आहेत. दुसऱ्या भागात ते रंग काढून टाकतात आणि त्या जागी कडेलाच आकार देतात, एका कडेला फुगवटा तर दुसरीला तेवढाच खळगा. रंग जुळण्याऐवजी आकार एकमेकांत बसतात. तिसऱ्या भागात यातूनच सजावटीची, पुन्हा पुन्हा येणारी नक्षी कशी रचायची ते सांगितले आहे. एकच आकार, त्याला तोच आकार लागून, फट न राहता सगळी भिंत भरून जाते.

इथे मला आमचे गाव दिसते. सोलापुरी चादरीवरचा मोर किंवा चौकट एकदाच काढलेली असते. नक्षीकार ती आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन भरून काढतो, त्यावरून कार्डांना भोके पडतात, आणि तीच कार्डे फिरून फिरून येत राहतात. एका नक्षीची उजवी कड पुढच्या नक्षीच्या डाव्या कडेला बिनचूक भिडली पाहिजे, नाहीतर चादरभर एक वेडीवाकडी रेघ दिसते. आमच्या पूर्व भागातल्या घरांमधून हे कसब बापाकडून मुलाकडे जात आले. मॅकमेहॉन यांनी जे पुस्तकात मांडले ते मागाशेजारी वाढलेल्या पोराच्या डोळ्यांत आधीच असते. माझ्या वर्गातल्या त्या मुलाच्या डोळ्यांत ते होते. तो अभ्यास सोडून खेळत नव्हता. तो मागावर पाहिलेले डोक्यात उतरवून घेत होता, आणि मी गणिताचा शिक्षक असून मला ते गणित दिसले नाही.

मेजरसाहेब १९२२मध्ये समुद्रकिनारी बोग्नोरला राहायला गेले आणि २५ डिसेंबर १९२९ रोजी, नाताळच्या दिवशी, वारले. त्यानंतर कित्येक वर्षे त्यांचे नाव मागे पडले. त्यांचे निबंध एकत्र करून पुन्हा छापले गेले ते १९७८ आणि १९८६मध्ये. पण फरश्या मात्र पसरत गेल्या. १९६१मध्ये हाओ वांग या तर्कशास्त्रज्ञाने रंगीत कडांच्या फरश्यांवरून असा प्रश्न विचारला, की फरश्यांचा एखादा संच सगळी जमीन झाकू शकेल का हे आधीच ठरवणारी एखादी रीत असेल का? पुढे सिद्ध झाले की प्रत्येक संचाला लागू पडेल अशी रीत असूच शकत नाही. २००७मध्ये २५६ तुकड्यांचे असेच एक कोडे वीस लाख डॉलरचे बक्षीस लावून बाजारात आले. २०१०च्या अखेरीस मुदत संपली आणि बक्षीस कोणालाच मिळाले नाही. जर्मनीत २००० साली निघालेला कारकासोन हा खेळ आज जगभर घरांत खेळला जातो. त्यात रंगांऐवजी रस्त्याला रस्ता आणि तटाला तट जोडत जायचे असते. त्यातही कड जुळायलाच हवी.

आमच्या पिशवीतल्या फरश्या दरवर्षी झिजतात, कोपरे दुमडतात, एखादी हरवते. दोन वर्षांपूर्वी नव्या करायला घेतल्या तेव्हा मी रद्दीच्या दुकानातून जकार्डची जुनी कार्डे मागून आणली आणि त्यांतूनच चौकोन कापले. पुठ्ठा मजबूत असतो. रंग मात्र भोकांच्या कडांना नीट लागत नाही आणि उन्हाच्या कवडशात फरशी धरली तर खाली ठिपके पडतात. नातवंडे विचारतात की ही भोके कशाची. मग मी त्यांना चादरीची गोष्ट सांगतो, कोहाटहून आजारी पडून परतलेल्या लेफ्टनंटची सांगतो, आणि त्या मुलाचीही सांगतो. तो आता पन्नाशी ओलांडलेला असेल. या गावातच असेल तर हे पान कदाचित त्याच्या हाती पडेल. त्याचे ते चौकोन किती होते, हे मी तेव्हा मोजले नव्हते.